बायपोलर असलेल्या तरुण मुलांचे जोडीचे आजार: ओळखायचे कसे आणि उपचार कोणत्या क्रमाने

मानसोपचार ओपीडीबाहेर फाईल मांडीवर घेऊन बसलेले आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात. "एका डॉक्टरांनी बायपोलर सांगितलं, दुसऱ्यांनी एडीएचडी, कॉलेजच्या समुपदेशक मॅडम म्हणतात एन्झायटी आहे. खरं कुणाचं धरायचं?"

बऱ्याचदा तिघांचंही खरं असतं. बायपोलर म्हणजे मूड कधी उन्मादात (अवाजवी उत्साह आणि ऊर्जा), तर कधी नैराश्यात जाण्याचा आजार. तो लहान वयात सुरू झाला की क्वचितच एकटा येतो. अशा निम्म्याहून अधिक मुलांना सोबत निदान एक तरी दुसरा मानसिक आजार असतो. त्यात एन्झायटी, म्हणजे अवाजवी काळजी आणि भीतीचा विकार, फार मोठ्या प्रमाणावर दिसते. आजार जितक्या कमी वयात सुरू झालेला, तितकी एडीएचडी (लक्ष न लागणं, चुळबुळ आणि उतावीळपणा यांचा विकार) सोबत असण्याची शक्यता अधिक. मुलं मोठी होत जातात तसे तंबाखू, दारू आणि गांजा यांची भर पडते. काहींना ओसीडी (नको ते विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करणं) असते, काही मुलींना आणि मुलांनाही खाण्यापिण्याचे विकार असतात, काहींच्या मनावर जुन्या अत्याचाराचा घाव असतो.

हा दुसरा आजार नजरेतून सुटला तर एपिसोड, म्हणजे उन्मादाचे किंवा नैराश्याचे काळ, लांबतात, मधले बरे दिवस कमी होतात, गोळ्या चुकतात आणि आत्महत्येचा धोका वाढतो. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नसलेला आजार चिकटवला तर त्याच्या औषधाने बायपोलर उसळू शकतो. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: दुसरा आजार शोधायचा तो मूड स्थिर असतानाच्या दिवसांत. उन्माद किंवा गाढ नैराश्य चालू असताना मुलामध्ये जे दिसतं, त्यातलं किती कुठल्या आजाराचं, हे अनुभवी डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही. पुढचं सगळं या एका मुद्द्याभोवतीच आहे. निदान आणि औषधाचा डोस ठरवणं डॉक्टरांचंच काम. घरच्यांकडे जे असतं ते डॉक्टरांकडे नसतं, म्हणजे मुलाबरोबर काढलेले दिवस. त्यांचा उपयोग कसा करायचा ते सांगतो.

पहिली पायरी: भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंद

वेगळं ॲप वगैरे हवंच असं नाही. स्वयंपाकघरात लटकणारं, दुधाचे खाडे मांडायचं कॅलेंडर पुरतं. मात्र मुलाच्या खोलीसाठी वेगळं आणा, कारण पाहुण्यांसमोर या नोंदी उघड्या राहणं त्याला आवडणार नाही आणि ते बरोबरच आहे. रोज चार गोष्टी लिहायच्या: रात्री किती तास झोप झाली, मूड उणे तीन ते अधिक तीन यांपैकी कुठे होता, गोळी घेतली का, आणि दिवसातलं काही वेगळं. एखादी नोंद अशी दिसेल: "झोप ४, मूड अधिक २, गोळी हो, रात्री दोनला सगळं कपाट उपसून लावलं, सकाळी थकवा नाही." शेवटचे तीन शब्द सर्वांत मोलाचे आहेत. का, ते पुढे येईल.

मुलींच्या बाबतीत पाळीच्या तारखाही मांडा. पाळीआधीच्या आठवड्यातच चिडचिड किंवा रडू येत असेल तर ते दोन-तीन महिन्यांच्या नोंदीत आपोआप दिसतं. सिगारेट, दारू, गांजा यांसाठी मुलाशी ठरवून एखादी खूण ठेवा. ही खूण दिसली म्हणून त्या रात्री बोलणी खावी लागली, तर दुसऱ्या दिवसापासून नोंद खोटी होईल. शक्य असेल तर वही किंवा कॅलेंडर मुलानेच भरावं आणि तुम्ही झोपेचा रकाना तेवढा आपल्या निरीक्षणाने भरावा. उन्मादात माणसाला आपण किती कमी झोपलो याचं भान राहत नाही.

आता मागे जा. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं बाहेर काढा. वर्गशिक्षकांचे शेरे हा फार उपयोगी पुरावा असतो. "हुशार आहे पण चुळबुळ फार", "वह्या अपूर्ण", "सतत वस्तू हरवतो" असे शेरे तिसरीपासून सातवीपर्यंत वेगवेगळ्या शिक्षकांनी दिले असतील तर एडीएचडीचा विचार करायला भक्कम आधार मिळतो, कारण या निदानासाठी लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात. नववीपर्यंत सगळे शेरे स्वच्छ असतील आणि दहावीत अचानक लक्ष उडालं असेल, तर दुसरं कारण शोधायला हवं.

दुसरी पायरी: येऊन-जाऊन काय आणि कायमचं काय

दीड-दोन महिन्यांची नोंद झाली की ती लांबून पाहा. बायपोलरची लक्षणं ठरावीक काळ येतात आणि ओसरतात. उन्माद म्हणायला बदललेला मूड आणि वाढलेली ऊर्जा साधारण आठवडाभर टिकावी लागते, सौम्य उन्मादाला चार दिवस, नैराश्याला दोन आठवडे. एका संध्याकाळी पाच वेळा मूड बदलला एवढ्यावरून बायपोलर ठरत नाही.

एडीएचडी आणि उन्माद यांची गल्लत सर्वांत जास्त होते, कारण बडबड, अस्वस्थपणा, घिसाडघाई आणि लक्ष न लागणं दोन्हींत आहे. फरक झोपेत दिसतो. एडीएचडीचा मुलगा रात्री दोनपर्यंत मोबाईल घेऊन जागला तर सकाळी सातला त्याला उठवता उठवता आईचा जीव जातो. उन्मादातला मुलगा तीन तास झोपून पाचला ताजातवाना उठतो आणि दिवसभर दमत नाही. दुसरा फरक स्वतःबद्दलच्या कल्पनांचा. "मी एका महिन्यात यूपीएससी काढतो", "माझ्या कल्पनेवर कोट्यवधी मिळणार" असा अचानक आलेला, वास्तवाशी न जुळणारा आत्मविश्वास एडीएचडीत नसतो. तिसरा फरक काळाचा. मूड शून्यावर असलेल्या आठवड्यांतही वस्तू हरवणं, काम अर्धवट सोडणं आणि रांगेत थांबता न येणं जसंच्या तसं असेल, तर एडीएचडी वेगळी आहे असं मानायला जागा आहे.

एन्झायटीचंही तसंच. नैराश्यात काळजी वाढणारच. मूड ठीक असतानाही मुलगी वर्गात उत्तर द्यायला घाबरत असेल, लोकलमध्ये छाती धडधडून पुढच्याच स्टेशनला उतरत असेल, आईला यायला दहा मिनिटं उशीर झाला की अपघाताचेच विचार येत असतील, तर तो स्वतंत्र आजार आहे आणि त्याला स्वतंत्र उपचार लागतात. ओसीडीच्या बाबतीत जरा थांबून पाहावं लागतं. बायपोलर असलेल्या अनेकांत हात धुणं, पुन्हा पुन्हा तपासणं, नको ते विचार येणं हे मूडबरोबर वरखाली होतं. नैराश्यात वाढतं, मूड सुधारला की बरंच कमी होतं.

सतत, वर्षभर, रोजच चिडणारी आणि आदळआपट करणारी लहान मुलं हा वेगळा गट आहे. अशा मुलांना सरसकट बायपोलर म्हटलं जाऊ लागलं, तेव्हा अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत त्यांच्यासाठी वेगळं निदान आणलं गेलं. अखंड चिडचिड म्हणजे बायपोलर नव्हे, हे लक्षात ठेवा.

एक गोष्ट घरात कुणी उच्चारत नाही, म्हणून मी मुद्दाम लिहितो. अचानक बदललेलं मूल, दचकून उठणं, एखाद्या नातेवाइकाच्या घरी जायला ठाम नकार, अंगाला हात लावू न देणं, यामागे लैंगिक अत्याचार असू शकतो. हे मूडच्या नावाखाली दाबू नका. मुलाला शांतपणे विचारा, सांगितलं तर विश्वास ठेवा, आणि डॉक्टरांना सांगा. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

शरीराचे आजारही तपासून घ्या. थायरॉईड बिघडला तरी मूड बिघडतो. फिट्स, स्टेरॉइडच्या गोळ्या, डोक्याला लागलेला मार, हे सगळं डॉक्टरांना सांगायचंच.

तिसरी पायरी: डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं

गर्दीच्या ओपीडीत तुमच्या वाट्याला थोडी मिनिटं येतात. म्हणून एका पानावर टिपण न्या: आजवरचे एपिसोड वर्षानुसार, घेतलेली औषधं आणि त्यांनी काय झालं, सध्याची तक्रार, आणि कॅलेंडरचे फोटो. तीन गोष्टी विसरू नका.

पहिली, आधी कधी नैराश्याची गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत मुलगा "एकदम फॉर्मात" आला होता का? झोप कमी, खर्च जास्त, बोलणं सुसाट? घरच्यांना वाटतं औषध लागू पडलं. डॉक्टरांच्या दृष्टीने ती पुढच्या सगळ्या उपचारांची दिशा ठरवणारी माहिती असते.

दुसरी, घराण्याचा इतिहास. आपल्याकडे निदान झालेलं नसतं, गोष्टी मात्र असतात. घर सोडून गेलेले काका, अंगात येणारी आत्या, दारूत संपलेले मामा, विहिरीत उडी घेतलेली आजी. हे सांगताना कुणाची बदनामी होत नाही. अंगात येणं म्हणजे आजारच असं मी म्हणत नाही, डॉक्टरांना तेही ठाऊक असतं. पण सांगा.

तिसरी, मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. "आमच्यापासून तो काही लपवत नाही" असं म्हणणाऱ्या आईवडिलांची मुलंही गांजाबद्दल, प्रेमाबद्दल, मरण्याच्या विचारांबद्दल दार बंद झाल्यावरच बोलतात.

जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. गुंतागुंतीच्या केससाठी बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मुलांचा वेगळा विभाग आहे. आणि कुठूनही, मराठीतून बोलायचं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

चौथी पायरी: उपचारांचा क्रम

साधारण नियम असा की आधी मूड स्थिर करायचा, मग उरलेल्या तक्रारीकडे वळायचं. कारण सरळ आहे. निव्वळ नैराश्याची किंवा एन्झायटीची गोळी, मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाविना, काही मुलांना उन्मादात ढकलते. एडीएचडीसाठीचं मिथाइलफेनिडेट देता येतं, पण मूडचं औषध लागू पडल्यानंतर, कमी डोसपासून आणि लक्ष ठेवून. मूड स्थिर झाला की कित्येकदा अर्ध्या तक्रारी उरतच नाहीत. मग औषधांची यादीही लांबत नाही.

एन्झायटी आणि ओसीडी यांना गोळीविना उपचार आहेत आणि अशा मुलांसाठी ते आधी वापरावेत, असं मला तळमळीने वाटतं. एन्झायटीसाठी विचार आणि वर्तन यांवर काम करणारी सीबीटी. ओसीडीसाठी घाण वाटणाऱ्या गोष्टीला हात लावून न धुता थांबण्याचा टप्प्याटप्प्याचा सराव, प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञासोबत. फी परवडत नसेल तर सरकारी विभागातल्या मानसशास्त्रज्ञाची वेळ मागा, वाट पाहावी लागली तरी.

या क्रमाला अपवाद आहेत. व्यसन थांबून राहत नाही. "आधी दारू सोडा, मग मूडचं बघू" किंवा "मूड बरा झाला की आपोआप सुटेल", ही दोन्ही वाक्यं मुलांचं नुकसान करतात. दोन्हींचा उपचार एकाच वेळी, एकमेकांना कळवून व्हायला हवा. गांजाने उन्माद आणि भास दोन्ही वाढतात. होळीची भांगही गांजाच्याच झाडाची आहे, ती "प्रसाद" म्हणून घेतली तरी मेंदूला फरक पडत नाही. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतं आहे. कुठल्याही केंद्रात दाखल करण्याआधी मात्र विचारा: इथे मानसोपचारतज्ज्ञ येतात का, मूडच्या गोळ्या चालू राहतील का, रक्ताच्या तपासण्या होतील का? उत्तर नाही असेल तर दुसरं केंद्र बघा. दुसरा अपवाद आत्महत्येचा धोका, आणि तिसरा जेवण सोडून किंवा उलट्या काढून झपाट्याने घटणारं वजन. इथे महिनाभर नोंदी करत बसायचं नाही.

पाचवी पायरी: घरात औषधं सांभाळताना

लिथियम हे जुनं आणि चांगलं औषध आहे, पण त्याची रक्तातली पातळी ठरावीक मर्यादेतच राहायला हवी. तपासणीचं रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. थायरॉईड आणि किडनीची तपासणीही वेळोवेळी होते.

शरीरातलं पाणी कमी झालं की लिथियमची पातळी चढते. म्हणून निर्जळ उपवास, रोजे, मे महिन्यातलं उन्हातलं क्रिकेट, जुलाब-उलट्या या सगळ्या वेळी सावध राहायचं. उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर पुढची गोळी देण्याआधी त्यांना फोन करा. जेवणातलं मीठ अचानक बंद करू नका. ताप किंवा डोकेदुखी असेल तर पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांची मिश्रणं लिथियम वाढवतात. मेडिकलवाल्याने "ही घ्या, चांगली आहे" म्हटलं तरी गोळ्यांची स्ट्रिप उलटवून नाव वाचा. हात जोरात थरथरणं, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या, गुंगी अशी लक्षणं एकत्र दिसली तर थेट रुग्णालयात, हातात गोळ्यांची स्ट्रिप घेऊन.

व्हॅलप्रोएट हे मूड स्थिर ठेवणारं दुसरं औषध मुलींना देण्याआधी खूप विचार व्हायला हवा. गर्भावर त्याचे गंभीर परिणाम होतात आणि पाळीच्या तक्रारी, पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा विकार), वजन यांचाही संबंध आहे. मुलीला ते चालू असेल तर घाबरून बंद करू नका. पर्याय आहे का, एवढं पुढच्या भेटीत स्पष्ट विचारा. मूडचंच लॅमोट्रिजिन हे औषध सुरू केल्यावर अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उन्मादात दिल्या जाणाऱ्या ओलान्झापिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन या औषधांनी वजन आणि साखर वाढू शकते. पोट सुटलं म्हणून गोळ्या गुपचूप बंद करणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. वजनाबद्दल मुलांना टोचून बोलू नका, डॉक्टरांकडे तक्रार म्हणून मांडा. औषध बदलता येतं.

गोळ्यांचा साठा मोठ्यांकडे कुलपात. लिथियमचा जास्त डोस जीवघेणा ठरतो. शेतीवाल्या घरात कीटकनाशकाचे डबे घरात किंवा गोठ्यात उघडे ठेवू नका. कुलूप लावा आणि किल्ली जवळ बाळगा. एवढ्या साध्या गोष्टीने जीव वाचू शकतो.

सहावी पायरी: झोप, आणि घरातलं बोलणं

कमी झोप हे उन्मादाचं लक्षणही आहे आणि कारणही. नवरात्रात सलग नऊ रात्री गरबा, गणपतीच्या मिरवणुकीत पहाटेपर्यंत ढोल, नीटच्या क्लासची रात्रीची सेशन्स, घरखर्चाला हातभार म्हणून धरलेली कॉल सेंटरची नाइट शिफ्ट, या ठिकाणी आजार परत येतो. मुलाला सगळ्यातून तोडू नका. दोन रात्री निवडू दे, दुसऱ्या दिवशी झोप भरून काढायची वेळ आधी ठरवा, आणि उठण्याची वेळ शक्यतो एकच ठेवा.

घरातल्या टीकेचा आणि चढ्या आवाजाचा आजार उलटण्याशी संबंध आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी याच पायावर कुटुंबासोबतची उपचारपद्धती उभी केली. आपल्या घरात ती अशी वापरता येईल. "किती नाटकं करशील, बाकीच्यांची मुलं बघ" याऐवजी बाबांनी म्हणावं, "अरे, गेले चार दिवस तू तीनच तास झोपतोयस. मला काळजी वाटतेय. उद्या डॉक्टरांना फोन करूया का आपण दोघं?" पाहिलेली गोष्ट, आपली भावना, एक छोटी विनंती. घरातल्या दुसऱ्या भावंडाकडेही बघा. सगळं घर एकाच मुलाभोवती फिरतं तेव्हा ते मूल गप्प होत जातं.

कॉलेजमध्ये सगळ्यांना सांगायची गरज नाही. एक विश्वासू शिक्षक आणि समुपदेशक पुरेत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजार आणि अध्ययन अक्षमता दोन्ही धरले आहेत. ४० टक्के किंवा अधिक अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि इतर सवलती मागता येतात. सोबत वाचन-लेखनाची अडचण असेल तर सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमता तपासतात. ही कागदपत्रं परीक्षेच्या महिन्यात नव्हे, शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला करा.

सातवी पायरी: धोक्याची वेळ आणि कायदा

मरण्याबद्दल विचारलं तर मुलाच्या डोक्यात ते भरेल, ही भीती चुकीची आहे. सरळ विचारा: "बाळा, जगू नये असं वाटतं का? तसं काही ठरवलं आहेस का?" हो म्हटलं तर त्याला एकटं सोडू नका, गोळ्या, दोर, कीटकनाशक हाताशी राहणार नाही असं बघा, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. १०८ किंवा ११२ ला फोन करता येतो. पोलीस केसच्या भीतीने उशीर करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं.

१८ वर्षांखालच्या मुलाला दाखल करावं लागलं तर त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवणं आणि घरचं माणूस सोबत राहू देणं बंधनकारक आहे, मुलीसोबत स्त्री. मेडिक्लेमवाल्यांनी मानसिक आजार म्हणून हात झटकले तर याच कायद्याचं कलम २१ दाखवा. शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा लागतो.

मूल १८ चं झालं की उपचारांना संमती त्याची लागते, आणि अनेक आईवडील इथे गोंधळतात. १८ पूर्ण झाल्यावर लवकरच, मूड शांत असताना, त्याच्यासोबत बसून दोन कागद तयार करा. एक, नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आजारपणात उपचारांचे निर्णय घ्यायला त्याला मदत करणारा माणूस, कोण. आई, बाबा, मोठी ताई किंवा एखादा मित्रही चालतो, तो ठरवेल तसं. दुसरा, त्याचे आगाऊ निर्देश: एपिसोड आला तर कोणतं औषध मानवतं, कोणतं नको, कोणत्या रुग्णालयात न्यायचं, एटीएम कार्ड कुणाकडे द्यायचं, आणि पहिला फोन कुणाला करायचा. जोडीच्या आजारांचीही नावं त्यात लिहा, म्हणजे रात्रीच्या ड्युटीवरचा नवखा डॉक्टर फक्त "बायपोलर" वाचून पुढे जाणार नाही. एक प्रत डॉक्टरांच्या फाईलला, एक घरात, आणि फोटो प्रतिनिधीच्या मोबाईलमध्ये.